पाळणाघरातला खाऊ पुड्यातलाच कशाला?

‘पाळणाघरात बंद पुड्यातला खाऊच सुरक्षित’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांची स्वच्छतेची काळजी रास्त आहे, निष्कर्ष मात्र अजिबात पटला नाही. इंदिरानगरात मी घरीच पाळणाघर चालवते. दुपारी झोपेतून उठलेल्या मुलाला क्रीमचे बिस्किट दिले की ते तेवढ्यापुरते गप्प होते आणि रात्रीच्या जेवणाला तोंड फिरवते. मैदा, साखर आणि तेल. पोटाला आधार काहीच नाही.

आपल्या सुरगाणा-पेठच्या डोंगरात नागली पिकते. 100 ग्रॅम नागलीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तेवढ्याच गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त. तिच्या पेजेसाठी पीठ आधी गार पाण्यात कालवायचे, म्हणजे गुठळी होत नाही. मग मंद आचेवर रंग गडद होईपर्यंत ढवळायचे, वर दूध आणि खजुराचा गर. मुले वाटी चाटूनपुसून खातात. उकडलेले रताळे, मुगाचे धिरडे यांनाही फार वेळ लागत नाही.

खरा धोका पत्रात आलाच नाही. द्राक्षांच्या या गावात लहानग्यांच्या हाती अख्खे द्राक्ष सहज दिले जाते. ते श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना द्राक्षाच्या उभ्या चार फोडी करूनच द्याव्यात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोतच. आणि मूल पळताना नव्हे, बसून खाईल हे पाहावे.

पालकांना कळकळीची विनंती: पाळणाघर निवडताना फीबरोबर आठवड्याचा खाऊही विचारा, आणि पिशवीत पुडा घालून पाठवू नका.

— एक पाळणाघरचालक, इंदिरानगर, नाशिक