नूपुर, रुमाल आणि साक्ष

एटापल्लीच्या रानात बोलली जाणारी माडिया ही द्राविडी कुळातील, म्हणजे तमिळची दूरची बहीण. परंतु या रानातील स्त्रीची फिर्याद लिहिली जाते ती मराठीत. त्यामुळे शोकनायिकांची तुलना येथे केवळ साहित्यचर्चा राहत नाही.

इळंगो अडिगळ यांच्या नावे असलेल्या ‘शिलप्पदिकारम्’ या तमिळ महाकाव्यात कोवलन आपल्या पत्नीचे, कण्णगीचे, नूपुर विकावयास मदुरेस जातो. राणीचे नूपुर चोरणारा सोनारच त्याच्यावर आळ घेतो आणि पांड्य राजा चौकशीवाचून त्याचा वध करवतो. कण्णगी दरबारात जाते, जप्त केलेले नूपुर मागवून फोडते. राणीच्या नूपुरात मोती होते. यातून रत्न उसळते. राजा अन्याय ओळखतो आणि सिंहासनावरच कोसळतो. पुढे मदुरा जळते.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तही पुरावा एका वस्तूचाच आहे: रुमालाचा. गो. ब. देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे ही कथा मराठी प्रेक्षकालाही परिचित झाली. डेस्डिमोना दुबळी होती, कण्णगी तेजस्वी, असा निवाडा करून टीकाकार मोकळे होतात. तो अपुरा आहे. डेस्डिमोनाही साक्षीदाराला बोलावून विचारण्याची विनवणी करते. पण तिचा न्याय बंद शयनगृहात होतो. फिर्यादी, न्यायाधीश आणि मारेकरी एकच असतो. एमिलिया सत्य सांगते, तेव्हा सांगून उपयोग उरलेला नसतो. दोघींतील खरा फरक स्वभावाचा नसून सुनावणीचा आहे. कण्णगीपुढे निदान पुरावा तपासण्यास तयार असलेली सत्ता होती.

याच मुलखात १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना दोषी धरले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, असा अर्थ लावला गेला. नूपुरात रत्न शोधावे तसे तिच्या देहात पुरावा शोधला गेला आणि तिच्या शब्दाला मोल उरले नाही. १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला व संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तिचे म्हणणे खरे धरून चालावे, असे ठरले.

हेच देसाईगंज झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर आहे. तेथील मंडळ्यांच्या नाटकांतील नायिकेच्या दुःखाने प्रेक्षक रात्रभर डोळे पुसतात. त्या अश्रूंना खोटे म्हणण्याचे कारण नाही. मात्र ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या बाईसोबत त्यांतील कितीजण उभे राहतात?

कण्णगीची पुढे देवी झाली. देवी करणे समाजाला सोपे जाते, कारण देवीचा जबाब नोंदवावा लागत नाही. कार्यकर्त्यांचे काम त्याहून साधे आणि कठीण आहे. एटापल्लीची माडिया स्त्री फिर्याद देण्यास जाईल, तेव्हा तिची भाषा जाणणारे माणूस तिच्याबरोबर असावे. लिहिलेला जबाब अंगठा उठण्यापूर्वी तिला तिच्या बोलीत समजावून सांगितला जावा. एवढे झाले नाही, तर १९८३ चा कायदा पुस्तकात राहील आणि एमिलिया पुन्हा उशिरा पोहोचेल.