अर्थसंकल्पाच्या दिवसापर्यंत थांबू

राज्य सरकारला कळवण्यात येते की, भोकरदन तालुक्यातील शेतकऱ्यांचे पीक विम्याबाबतचे हे शेवटचे निवेदन आहे.

यानंतर निवेदन येणार नाही.

2023 साली एक रुपयात पीक विमा तुम्ही दिलात. आम्ही मागितला नव्हता. घोषणा तुमची, जाहिराती तुमच्या, फोटोही तुमचेच.

एप्रिल 2025 मध्ये मंत्रिमंडळाने तो बंद केला. 9 मे रोजी शासन निर्णय निघाला. आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड टक्का, कापसासारख्या नगदी पिकाला 5 टक्क्यांपर्यंत हप्ता.

हप्त्याचे रडगाणे आम्ही गात नाही. 2023 पूर्वीही आम्ही तो भरत होतो.

दुखणे पुढे आहे. त्याच निर्णयाने विम्यातली चार संरक्षणे काढून घेतली. पेरणीच न होणे. हंगामातली प्रतिकूल परिस्थिती. स्थानिक आपत्ती. काढणीनंतरचे नुकसान. मागे उरला फक्त पीक कापणी प्रयोग.

मंत्रालयात याचा अर्थ कळत नसेल, तर ऐका.

कापणी प्रयोगाचा हिशेब महसूल मंडळाचा असतो, शेताचा नसतो. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घ्यायची, त्यांची सरासरी काढायची, तिचे 70 टक्के धरायचे. मंडळाचे उत्पन्न त्याच्या खाली गेले तर भरपाई. नाही गेले तर काही नाही.

समजा, केळना नदीला पूर आला. काठावरची चार गावे खरवडून निघाली. वरच्या अंगाची गावे वाचली. मंडळाची सरासरी वाचली. काठावरच्या शेतकऱ्याच्या खात्यात शून्य.

पूर्वी तो 72 तासांत नुकसानीची सूचना देऊ शकत होता. पंचनामा व्हायचा. उशिरा व्हायचा, भांडून करून घ्यावा लागायचा, पण व्हायचा. आज त्याने सूचना द्यायची कुणाला?

सोयाबीनचे तर विचारूच नका. कापणी प्रयोग झाला, उतारा चांगला आला, कागद वर गेला. मग शेतकऱ्याने सोयाबीन कापून सुडी घातली. चार दिवस पाऊस लागला. सुडीत पाणी शिरले, शेंगांना कोंब फुटले. विम्याच्या कागदावर ते पीक आजही उत्तम आहे.

31 ऑक्टोबर 2023 रोजी तुम्हीच राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केलात. भोकरदन त्यात होते. तेव्हा पावसाने ओढ दिली, तर हंगामातच 25 टक्के अग्रिम मागण्याची सोय विम्यात होती.

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाडा पाण्याखाली गेला. तेव्हा सोय नव्हती. चार महिने आधी तुम्ही ती काढली होती.

कारण काय दिलेत? बोगस अर्ज. बोगस अर्ज होते, हे आम्हालाही मान्य आहे. पण अर्जामागे शेतकऱ्याकडून एक रुपया यायचा आणि सेवा केंद्राला 40 रुपये मिळायचे. बोगस अर्जांचा माग कुठून काढायचा, हे सांगायला समिती लागत नाही. माग काढला असता तर आम्ही साक्षीला आलो असतो. तुम्ही खऱ्या शेतकऱ्याचे संरक्षण काढलेत.

त्या वेळचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी एक रुपयाच्या विम्यावर बोलताना भिकाऱ्याचा दाखला दिला. पुढे म्हणाले, भिकारी शेतकरी नव्हे, सरकार आहे. त्यांचे खाते बदलले. निर्णय तसाच राहिला.

वाचलेल्या पैशातून शेतीत वर्षाला 5 हजार कोटींची भांडवली गुंतवणूक करू, असे सांगितलेत. करा. पण पीक वाहून गेलेल्या माणसाला यंत्राच्या अनुदानाचा अर्ज पुढे करणे, याला आम्ही मदत म्हणत नाही.

पैसा नाही, हेही ऐकले. 2025-26 च्या अर्थसंकल्पात 45 हजार 891 कोटींची महसुली तूट दाखवलीत. त्याच वर्षाच्या जूनमध्ये शक्तिपीठ महामार्गासाठी 20 हजार 787 कोटींना मंजुरी दिलीत. त्याआधी जानेवारीत शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचा निधी थांबवला होतात. तो 50 कोटींचा होता.

7 ऑक्टोबर 2025 रोजी 31 हजार 628 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. कोरडवाहूला हेक्टरी 18 हजार 500 आणि विमा असलेल्यांना वर 17 हजार, असे सांगण्यात आले. म्हणजे जो विमा मे महिन्यात मोडलात, तोच ऑक्टोबरात मदतीच्या बेरजेत धरलात.

केंद्राने नोव्हेंबरमध्ये दोन गोष्टी विम्यात आणल्या. वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान आणि पाण्याखाली गेलेले भात. खरीप 2026 पासून. रानडुकराचे ठीक आहे. भाताचे काय करायचे? आमच्या शिवारात मका, कापूस, सोयाबीन आहे. पाण्याने सडते तेही.

आम्ही धीर धरला.

ई-पीक पाहणी सांगितलीत, रेंज नसलेल्या शिवारात मोबाइल उंच धरून केली. ई-केवायसी केली. फार्मर आयडी काढला. निवेदने दिली, पोच घेतली. सर्व पोच जपून ठेवल्या आहेत.

कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 पर्यंत घेऊ, असे नागपूरच्या आंदोलनानंतर म्हणालात. ते खाते वेगळे. तेही आम्ही विसरलेलो नाही.

आता मागणी.

चारही संरक्षणे खरीप 2026 च्या पेरणीआधी परत करा. राज्याच्या वाट्याची तरतूद येत्या अर्थसंकल्पात आकड्यासह दाखवा. हेक्टरी 17 हजारांपैकी कोणत्या मंडळाला किती मिळाले, त्याची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

यात चर्चेसारखे काही नाही. शिष्टमंडळ येणार नाही. मुंबईला चहाला बोलावू नका.

मुदत अर्थसंकल्प मांडला जाईल त्या दिवसापर्यंत.

तरतूद दिसली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जालना, सिल्लोड आणि जाफराबाद या तिन्ही रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या उभ्या राहतील. रुग्णवाहिका जाईल. परीक्षेला निघालेली पोरे जातील. बाकी कोणी जाणार नाही.

त्या दिवसापासून गावात वसुली होणार नाही. विमा कंपनीच्या प्रतिनिधीला शिवारात वाट दाखवली जाणार नाही. पुढाऱ्याची गाडी वेशीवर थांबेल. पक्ष कोणता, हे विचारले जाणार नाही.

दगड उचलला जाणार नाही. काच फुटणार नाही. गुन्हे दाखल करायला निमित्त मिळेल, या आशेवर राहू नका.

हे जमेल का, अशी शंका असेल तर जिल्ह्याचा अलीकडचा इतिहास चाळा. अंतरवाली सराटी याच जालना जिल्ह्यात आहे. आरक्षणाची ती मागणी वेगळी, तिचे वादही वेगळे. पण त्या एका गावातून उठलेली माणसे ऑगस्ट 2025 मध्ये आझाद मैदानात जाऊन बसली आणि शासन निर्णय घेऊनच परतली. जून 2017 मध्ये पुणतांब्याने संप पुकारला, तेव्हाही शेतकरी संपावर जाऊ शकत नाही, असे सांगणारे होते.

इथे जातीचा प्रश्न नाही. कोंब फुटलेले सोयाबीन सगळ्यांच्या रानात आहे.

राजूर, हसनाबाद, केदारखेडा, सिपोरा, आन्वा, धावडा, पिंपळगाव रेणुकाई या भागांतील शेतकऱ्यांना सूचना: सातबारा, विम्याची पावती आणि निवेदनाची पोच एका पिशवीत घालून ठेवा. दोन दिवसांची भाकरी सोबत घ्या. ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरून ठेवा.