किनाऱ्यावरचा चरस आणि मेंदूवरचा परिणाम

ऑगस्ट-सप्टेंबर 2023 मध्ये आधी दापोलीच्या आणि मग रायगडच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली. श्रीवर्धनचं जीवना बंदर, हरिहरेश्वर, दिवेआगर अशी नावं रोज बातम्यांत होती. पोलीस आणि कस्टम्सने किनारा पिंजून काढला. किती किलो सापडला आणि किंमत किती कोटी, याची भरपूर चर्चा झाली. हा पदार्थ मेंदूत काय करतो, हे मात्र फारसं कोणी सांगितलं नाही. दवाखान्यात आजही ऐकू येतं, "डॉक्टर, झाडाचीच वस्तू आहे, दारूपेक्षा बरी." म्हणून हे नीट समजून घेऊ.

एकच झाड, वेगवेगळी रसायनं

भांग म्हणजे या झाडाची पानं, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्या फुलोऱ्यावरचा चिकट राळेसारखा चीक. झाडात शंभरावर कॅनाबिनॉइड असतात. त्यांतली महत्त्वाची दोन: टीएचसी आणि सीबीडी. नशा येते ती टीएचसीमुळे. ते सर्वांत जास्त चिकात आणि सर्वांत कमी पानांत असतं. कायदाही हा फरक मानतो. एनडीपीएस कायद्यात गांजाची 'व्यावसायिक मात्रा' 20 किलो आहे, चरसची फक्त 1 किलो.

टीएचसी काय करतं?

आपला मेंदू स्वतःच गांजासारखं एक रसायन अगदी थोड्या प्रमाणात तयार करतो. 1992 मध्ये त्याचा शोध लागला तेव्हा संस्कृत 'आनंद' शब्दावरून त्याला 'आनंदामाइड' नाव दिलं गेलं. ते हवं तेव्हा, हवं तिथे तयार होतं आणि लगेच विरघळतं. टीएचसी त्याच जागांवर जाऊन बसतं, पण संपूर्ण मेंदूत आणि तासन् तास. स्मरणशक्ती, निर्णय आणि भीती सांभाळणाऱ्या भागांत अशा जागा भरपूर आहेत. त्यामुळे नवीन गोष्ट लक्षात राहत नाही, वेळेचा अंदाज चुकतो, प्रतिक्रिया मंदावते. अशा अवस्थेत होडीवर जाणं किंवा घाटात बाईक चालवणं जिवावर बेतू शकतं.

थोड्या मात्रेत मन हलकं वाटतं. तेच टीएचसी जास्त झालं की धडधड, घबराट आणि संशय सुरू होतो. भांग पोटातून जाते, म्हणून असर चढायला एक-दोन तास लागतात. "काहीच होत नाही" म्हणून माणूस आणखी पितो आणि मग एकदम चढते.

वेड लागतं का?

सगळ्यांना नाही. पण धोका खरा आहे. युरोप आणि ब्राझीलमधल्या 11 ठिकाणच्या रुग्णांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत रोज ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची शक्यता सुमारे तिप्पट दिसली. 10 टक्के किंवा जास्त टीएचसी असलेला माल रोज ओढणाऱ्यांमध्ये ती जवळजवळ पाचपट होती. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल किंवा सुरुवात किशोरवयात झाली असेल, तर धोका वाढतो. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. चांगली बातमी अशी की, मोठ्या माणसाने सोडल्यास लक्ष आणि स्मरणशक्ती काही आठवड्यांत बरीचशी सुधारते.

मग सीबीडी औषध आहे ना?

आहे, पण ठरावीक आजारांवर. शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत 2018 मध्ये लहान मुलांच्या दोन दुर्मीळ, हट्टी अपस्मारांसाठी मान्यता मिळाली. त्याने नशा येत नाही. तरी यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि फिटच्या काही गोळ्यांशी ते जुळत नाही. म्हणून ऑनलाइन तेल मागवून स्वतःच घेऊ नका. 'सीबीडी टीएचसीचा त्रास कमी करतं' असंही सांगितलं जातं. लंडनमध्ये 2022 साली निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या चाचणीत असं संरक्षण दिसलं नाही. आणि किनाऱ्यावरच्या पाकिटात टीएचसी किती, सीबीडी किती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

घरच्यांनी काय पाहावं?

मुलगा रात्र रात्र जागतो, एकटाच बोलतो, "लोक माझ्यावर नजर ठेवतात" म्हणतो, कामावर जाणं सोडतो, अशी लक्षणं दिसली तर 'बाहेरचं लागलं' म्हणून भगताकडे आठवडे घालवू नका. सायकोसिसमध्ये उपचार जितके लवकर, तितकी सुधारणा चांगली. भगताकडे जायचंच असेल तर जा, पण डॉक्टरांची भेट त्यासाठी लांबवू नका. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल किंवा माणूस आवरत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरं गप्प बसतात. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनासाठी किंवा अल्प मात्रेसाठी खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम 64अ मध्ये आहे. टेलिमानस 14416 आणि व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 यांवर फोन मोफत आहे. डॉक्टरांना काय ओढलं, किती आणि कधीपासून, ते खरं सांगा. त्यावरच पुढचे उपचार ठरतात.