पुठ्ठ्यावरच्या मजकुराची बाजू

हाताने लिहिलेला फलक घेऊन सामन्याला येणारा प्रेक्षक हा साहित्याच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. आम्हांला हे गृहीतक मान्य नाही. पुणेरी पाट्या चवीने वाचणाऱ्या आणि ट्रकमागच्या ओळींत लोकप्रतिभा शोधणाऱ्या आपल्या अभिरुचीला तर ते मुळीच शोभत नाही. येथे लिहिणारा आहे, वाचणारा आहे, मजकूर आहे, आणि तो मजकूर कोणी लिहावा याविषयी तंटाही आहे. समीक्षेला आणखी काय हवे?

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचे उदाहरण घेऊ. ही बर्फावरची हॉकी. रिंगणाभोवती कठडा असतो आणि कठड्यावर पारदर्शक काच. सामन्यापूर्वी खेळाडू सरावासाठी बर्फावर उतरतात, तेव्हा प्रेक्षक घरी रंगवून आणलेले पुठ्ठे त्या काचेला टेकवून उभे राहतात. कोणाचा पहिलाच सामना असतो, कोणाचा वाढदिवस. कोणी किती मैलांचा प्रवास करून आलो ते सांगतो. कोणी चॉकलेटच्या बदल्यात पक मागतो. पक म्हणजे चेंडूऐवजी वापरली जाणारी रबराची जाड चकती. कोणी पंचांच्या दृष्टीविषयी शंका घेतो.

या फलकांवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, मागे बसलेल्याला खेळ दिसत नाही. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच क्रीडागारांनी फलकाच्या आकारावर मर्यादा घातल्या आहेत, काठी लावण्यास मनाई केली आहे आणि दुसऱ्याची दृष्टी अडवू नये असा दंडक केला आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. दुसरा आक्षेप अभिरुचीचा: हे लेखन बालिश आहे, याचकाचे आहे. असेल. परंतु सगळेच उत्तम असले पाहिजे अशी अट आपण कोणत्या वाङ्मयप्रकाराला घालतो? वर्षभरात छापल्या जाणाऱ्या कवितांना ती लावून पाहावी.

खरा आक्षेप तिसरा आहे. क्रीडागार ही खाजगी जागा, तेथे काय वाचले जावे हे मालक ठरवणार, असा तो आहे. या युक्तिवादाची गंमत अशी, की त्या जागेत लेखनाला मुळीच मज्जाव नाही. कठड्यावर जाहिराती आहेत, बर्फाखाली जाहिराती आहेत. २०२०-२१ च्या हंगामापासून खेळाडूंच्या शिरस्त्राणांवर जाहिराती आल्या, २०२२-२३ पासून सदऱ्यांवर आल्या. त्याच हंगामापासून दूरचित्रवाणीवर कठड्यावरच्या जाहिराती संगणकाने बदलून दाखवल्या जातात, म्हणजे घरी बसलेल्याला दिसणारा कठडा प्रत्यक्षात तसा नसतोच. एवढ्या अक्षरांच्या गर्दीत कोणी पैसे न मोजता लिहिलेला मजकूर फक्त पुठ्ठ्यावर असतो. तोच अडचणीचा वाटावा, हा योगायोग आहे असे आम्ही मानत नाही.

२०१२-१३ च्या हंगामात मालकांनी खेळाडूंविरुद्ध टाळेबंदी केली. ८२ सामन्यांचा हंगाम ४८ सामन्यांवर आला. जानेवारी २०१३ मध्ये खेळ सुरू झाला, तेव्हा लीगने चाहत्यांचे आभार मानणारी अक्षरे थेट बर्फावर रंगवली. लीगला बर्फाएवढा कागद उपलब्ध होता. ज्याचे आभार मानले, त्याला उत्तर द्यायचे असेल तर त्याच्याकडे काय होते? पुठ्ठा आणि जाड टोकाचे पेन.

येथे कोणी म्हणेल, की क्लब तर फलकांना उत्तेजन देतात, ते मोठ्या पडद्यावर दाखवतात. दाखवतात खरे. पण तो पडदा क्लबचा आहे, निवड क्लबची आहे. गोंडस मुलाचा फलक त्यावर येतो. मालकावर रागावलेल्याचा फलक तेथे वाचकांनी शोधून पाहावा. सतत निवड होत राहिली की लिहिणाराही निवडीजोगते लिहू लागतो. फलक खेळाडूला उद्देशून लिहिलेला दिसतो, पण त्याचा खरा वाचक कॅमेरा असतो. संपादकाला आवडेल तेच लिहिणारा कवी आपल्याला परिचित आहे. हा त्याचा सख्खा भाऊ.

लोकांची खूण विकत कशी घेतली जाते, याचाही दाखला आहे. एप्रिल १९८२ मध्ये शिकागोतील सामन्यात पंचांवर चिडलेले व्हँकुव्हर कनक्सचे प्रशिक्षक रॉजर नीलसन यांनी हॉकीच्या काठीला पांढरा टॉवेल अडकवून उंच धरला. शरणागतीचे ते विडंबन होते आणि त्यासाठी त्यांना सामन्यातून बाहेर जावे लागले. पुढच्या सामन्यात व्हँकुव्हरमध्ये प्रेक्षकांत हजारो टॉवेल फडकले. आज बाद फेरीच्या सामन्यांत अनेक क्लब स्वतःच खुर्च्यांवर टॉवेल ठेवतात, कित्येकदा प्रायोजकाच्या नावासकट. विडंबन कोणाचे, हे आता कोणी विचारत नाही. आपल्या क्रिकेटच्या मैदानांवर वाटल्या जाणाऱ्या चौकार-षटकारांच्या छापील पुठ्ठ्यांची गोष्ट वेगळी नाही. हात प्रेक्षकाचा, शब्द दुसऱ्याचा.

तरीही छापील तेवढे सारे त्याज्य, असे आम्ही म्हणत नाही. १९९८ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी कर्करोगाविरुद्ध एक उपक्रम सुरू केला. त्यात ‘मी यांच्यासाठी लढतो’ अशा अर्थाची कार्डे वाटली जातात आणि खालची जागा कोरी असते. प्रेक्षक तेथे आईचे, मित्राचे, कधी स्वतःचे नाव लिहितो. हजारो कार्डे एकदम उंचावली जातात, तेव्हा वरच्या छापील ओळीकडे कोणी पाहत नाही. डोळे त्या वेड्यावाकड्या अक्षरातल्या नावांवर खिळतात. हाताने लिहिलेल्या शब्दाचे वजन लीगलाही ठाऊक आहे, हेच यातून सिद्ध होते. मग ती कोरी जागा फक्त दुःखासाठीच का? रागासाठी, थट्टेसाठी, मालकाला विचारायच्या प्रश्नासाठी का नको?

आमचे मागणे दुहेरी आहे. क्रीडागारांनी पुठ्ठ्याची लांबी-रुंदी खुशाल मोजावी, द्वेषाला आणि शिवीगाळीला दारातच अडवावे. पण टीकेला अपमान ठरवून तो पुठ्ठा काढून घेऊ नये. आणि लोकसाहित्य शिकवणाऱ्या आपल्या विभागांनी ओवी आणि उखाण्याच्या शेजारी या चार शब्दांच्या लेखनालाही जागा द्यावी. त्याचा लेखक निनावी आहे आणि सामना संपताच त्याची संहिता कचऱ्यात जाते. अभ्यासकाने घाई करावी, याला एवढे कारण पुरेसे आहे.