गोठ्यातील गोचीड आणि आपण डॉक्टर

जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील साणंद तालुक्यातल्या कोलाट गावची एक स्त्री तीव्र ताप व रक्तस्राव होऊन दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि तिची शुश्रूषा करणारी परिचारिका यांचाही मृत्यू झाला. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा भारतात निश्चित निदान झालेला हा पहिला उद्रेक. त्याच्या विषाणूची वाहक हायलोमा गोचीड, आपल्या गुजराती शेजाऱ्यांची ‘इतरडी’. त्या घटनेने आपला व्यवसाय खडबडून जागा झाला. परंतु हीच गोचीड त्याआधी कित्येक वर्षे गोठ्यांतून दुसरा एक रोग पसरवीत होती, आणि तो मात्र आपण पशुवैद्यांच्या खात्यावर टाकून मोकळे झालो होतो.

तो रोग थायलेरिओसिस. गोचिडीच्या लाळेतून शिरलेला थायलेरिया अ‍ॅन्युलाटा हा एकपेशीय परजीवी गाईच्या पांढऱ्या पेशींत ठाण मांडतो आणि त्या पेशींना कर्करोगाच्या पेशींप्रमाणे अनिर्बंध विभागायला लावतो. परजीवी मारला की पेशींची ही वाढही थांबते. विकृतिशास्त्राच्या अभ्यासकाला मोह पडावा असाच हा प्रकार आहे. पुढे तो तांबड्या पेशींत उतरतो. लसिकाग्रंथी सुजतात, ताप चढतो, रक्त आटते, दूध तुटते आणि वेळीच औषध न मिळाल्यास जनावर हातचे जाते. गीर किंवा कांकरेज गाईला हा रोग बहुधा सौम्य होतो. होल्स्टीन वा जर्सीच्या संकरित गाईला तो जिवावर बेततो.

फैलावाचे कारण विचारले की हल्ली हवामानबदलाकडे बोट दाखवण्याची रीत पडली आहे. उष्ण व दमट हवेत गोचिडीची पैदास वाढते हे खरेच. पण माझ्या मते मोठा वाटा आपण स्वीकारलेल्या दुग्धव्यवसायाच्या पद्धतींचा आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील सुमारे १९ कोटी गोवंशापैकी पाच कोटींहून अधिक जनावरे विदेशी वा संकरित होती. श्वेतक्रांतीचे ऋण आणंदच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आपण वडोदरेकरांनी नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. संकरालाही माझा विरोध नाही. ब्राझीलने आपलीच गीर नेऊन होल्स्टीनशी तिचा संकर केला, तेव्हा गिरीचा तीन अष्टमांश अंश ‘जिरोलांडो’ जातीत राखला, आणि त्यासोबत उष्णता व गोचीड सोसण्याची तिची शक्तीही. आपल्याकडे मात्र दुधाच्या आकड्यापुढे या शक्तीचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही.

त्यात जनावरांची ने-आण वाढली. पंजाब-हरियाणातील गाभण संकरित गाई ट्रकांतून दूरदूरच्या राज्यांत जातात. आजारातून उठलेली गाय वरून ठणठणीत दिसते, पण दीर्घकाळ रक्तात परजीवी बाळगून असते. तिला चावलेल्या पिल्लू-गोचिडीत तो शिरतो आणि कात टाकल्यावर तीच गोचीड शेजारच्या निरोगी गाईला तो देते. अशी गाय नव्या गोठ्यात बांधताना रक्ततपासणी किंवा अलग ठेवणे बहुधा कोणाच्या मनातही येत नाही. शहरातील मोकाट गुरांच्या अंगावर गोचिडी पोसल्या जातात त्या वेगळ्याच.

गोचीडनाशक औषधांचा वापर तर प्रतिजैविकांच्या आपल्याकडील दुरुपयोगाची आठवण करून देणारा आहे. अंदाजाने पाणी घालून केलेले पातळ मिश्रण गाईच्या अंगावर शिंपडायचे आणि गोठ्याच्या भिंती तशाच सोडायच्या. हायलोमाची मादी रक्त पिऊन फुगली की गाय सोडते आणि भिंतीच्या भेगांत शिरून हजारो अंडी घालते. फवारणी अंगावर होते, पुढची पिढी मात्र भिंतीत वाढते. पंजाब, गुजरातसह अनेक राज्यांतील गोचिडींत सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन यांना प्रतिकार आढळला आहे, तो यामुळेच आश्चर्याचा वाटत नाही. भिंतींच्या भेगा सिमेंटने बुजवणे हा उपाय स्वस्त आहे. त्याला विक्रेता नाही, म्हणून प्रचारकही नाही.

थायलेरिओसिसवर लस आहे, पण ती द्रव नायट्रोजनमध्ये जपावी लागत असल्याने खेड्यापर्यंत पोहोचणे अवघड जाते. ब्युपार्व्हाक्वोन हे प्रभावी औषध महाग आहे आणि ट्युनिशिया व इराणमध्ये त्यालाही दाद न देणारे परजीवी सापडले आहेत.

थायलेरिया माणसाला होत नाही, मग आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. परंतु क्रिमियन-काँगो तापाच्या विषाणूने जनावर आजारी दिसत नाही, थायलेरियाने दिसते. ज्या गावात पशुवैद्याला गाईच्या रक्तलेपात वारंवार थायलेरिया सापडतो, त्या गावात हायलोमा मुबलक आहे, हे उघड आहे. ही माहिती आज पशुसंवर्धन खात्याच्या वहीत राहते, तालुक्याच्या डॉक्टरापर्यंत येत नाही. आपल्या संस्थेने जिल्ह्यातील पशुवैद्यांना वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, आपल्या बैठकीस बोलवावे आणि त्यांच्याकडून गावांची यादी घ्यावी. त्या गावांतून ताप व रक्तस्रावाचा रुग्ण आला तर गोठ्याची आणि गोचिडीची चौकशी केसपेपरवर पहिल्याच दिवशी लिहिली जावी, आणि परिचारिकेच्या हाती सुई देण्यापूर्वी हातमोजे दिले जावेत.