रॉकेटचा धूर, धानाची बांधी



एप्रिल २०२५ मध्ये ५ कोटी डॉलरचे एक बक्षीस जाहीर झाले. हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेण्याच्या जागतिक स्पर्धेतले, 'एक्सप्राइझ'चे, ते पहिले बक्षीस. ते पटकावले 'माटी कार्बन' या कंपनीने. छत्तीसगडच्या धानाच्या बांध्यांत बेसॉल्ट दगडाची भुकटी पसरणे हे तिचे काम. स्पर्धेसाठी पैसा दिला इलॉन मस्क यांच्या प्रतिष्ठानाने. हे मस्क म्हणजे 'स्पेसएक्स' या रॉकेट कंपनीचे धनी. रॉकेटवाल्याचा पैसा असा बांधीपर्यंत आला आहे. येऊ द्या. पण हिशेब आधी मांडू.

स्पेसएक्सचे फाल्कन-९ रॉकेट एका उड्डाणाला सुमारे दीडशे टन केरोसीन जाळते. त्यातून साडेचारशे टनांच्या आसपास कर्बवायू निघतो. २०२४ साली अशी १३० हून अधिक उड्डाणे झाली. म्हणजे ढोबळ मानाने साठ हजार टन. खरे बोलायचे तर हा आकडा लहान आहे. जगातली विमाने वर्षाला नव्वद कोटी टनांच्या पुढे जातात. टनांवरून आरडाओरडा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुखणे वेगळेच आहे. आपल्या चुलीची काजळी आठ-पंधरा दिवसांत पावसाबरोबर खाली येते. केरोसीनचे रॉकेट काजळी सोडते ती ढगांच्याही वर, जिथे पाऊस नाही. तिथे ती वर्षानुवर्षे राहते आणि ऊन शोषून तो थर तापवते. टनांच्या हिशेबात ही काजळी धरलीच जात नाही.

आता वचनाचे. हवेतला कर्बवायू काढून त्याचेच रॉकेटचे इंधन करण्याचा कार्यक्रम कंपनी सुरू करीत आहे, असे मस्क यांनी डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केले. त्यांचे मोठे रॉकेट, स्टारशिप, एप्रिल २०२३ मध्ये टेक्सासमधून पहिल्यांदा उडाले. त्यात हजार टनांच्या घरात मिथेन मावतो, आणि जाळला तो जमिनीतून काढलेल्या नैसर्गिक वायूचा. बक्षिसाचा पैसा हा तर कंपनीचा नव्हेच, धन्याच्या प्रतिष्ठानाचा. दान वेगळे आणि देणे वेगळे. सावकाराने देवळाला कळस चढवला म्हणून त्याचे खाते कोरे होत नाही.

भुकटीचे शास्त्र खोटे नाही. पावसाच्या पाण्यात कर्बवायू विरघळून सौम्य आम्ल होते, ते बेसॉल्टमधल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधले जाते, आणि हे क्षार पाण्यावाटे समुद्राला जातात. पण टनभर भुकटी पूर्ण झिजली तरी फार तर तीनशे किलो कर्बवायू धरते, आणि झिजायला वर्षे लागतात. फाल्कनच्या एका उड्डाणासाठी दीड हजार टन भुकटी हवी. हेक्टरी दहा टनांनी दीडशे हेक्टर! दळण्याची वीज आणि ट्रकचे डिझेल यातून वजा करायचे ते वेगळेच.

जमीनही पाहावी लागते. आम्लधर्मी, चुना कमी असलेल्या जमिनीला भुकटीचा फायदा होऊ शकतो. कोकणातली जांभ्याची जमीन त्यातलीच. आमची काळी कसदार जमीन मात्र मुळात बेसॉल्टच्या झिजेतूनच झाली आहे. तिचा सामू बहुधा आठाच्या आसपास, पोटात चुनखडी. तिथे भुकटी ओतून पिकाला काय मिळणार? आणि काही बेसॉल्टमध्ये निकेल, क्रोमियम असतात. क्रशरवरची कुठलीही भुकटी तपासणीशिवाय वावरात घेऊ नका.

शेतात मुरलेल्या कर्बाची पावती, म्हणजे कार्बन क्रेडिट, परदेशी कंपन्यांना विकली जाते. ती पावती कुणाच्या नावावर? भाव कोण ठरवणार, आणि त्यातला शेतकऱ्याचा वाटा कागदावर लिहिला आहे की नुसती फुकट भुकटीच? करार किती वर्षांचा, त्या काळात जमीन विकली किंवा पीक बदलले तर काय? कापसाला, उसाला भाव दुसऱ्याने ठरवला, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहिले. कर्बाचा बाजार अजून बसतो आहे, तोवरच हे विचारता येईल.

असा करार कुणाकडे सहीसाठी आला असेल त्याने सही थांबवावी आणि जिल्हा बैठकीला त्याची प्रत आणावी. इंग्रजीत असला तरी आणावा; वाचून सांगायला माणसे आहेत.