खलनायकाचे गॅलिस

चित्रपटांतून कचेरीचा पोशाख कसा उचलावा, हे सांगणाऱ्या मार्गदर्शिका 'वॉल स्ट्रीट' (१९८७) मधील गॉर्डन गेकोचे गॅलिस आणि पांढऱ्या कॉलरचा रंगीत सदरा आदर्श म्हणून पुढे ठेवतात. याला वाचन म्हणवत नाही. ॲलन फ्लसरने बेतलेले ते कपडे ऑलिव्हर स्टोनच्या चित्रपटात हावेचे चिन्ह म्हणून येतात. चिन्ह ठेवून अर्थ टाकला, की उरते ती निव्वळ खरेदी.

कपडे मुळातच देखणे आहेत, त्यांची भुरळ पडणारच, असा बचाव कुणी करील. मान्य, परंतु त्याच भुरळीने तरुण दलाल बड फॉक्स नासतो, हे तर त्या चित्रपटाचे कथानक!

बिली वाइल्डरच्या 'द अपार्टमेंट' (१९६०) मधला बॅक्स्टर बढती मिळाल्यावर बोलर हॅट विकत घेतो आणि नोकरीवर लाथ मारताना ती एका सफाई कामगाराच्या डोक्यावर ठेवून चालता होतो. मार्गदर्शिकांचे वाचन हॅट विकत घेण्यापाशीच थांबते. पोशाख हीदेखील संहिताच असते, असे वर्गात शिकवणाऱ्या आपण तरी ती शेवटच्या प्रसंगापर्यंत वाचायला हवी.